चाकाची वाट, पाण्याची वाट

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

मराठीत 'वाट' या शब्दाने फार कामं अंगावर घेतली आहेत. वाट म्हणजे रस्ता. वाट म्हणजे प्रतीक्षा. आणि एखाद्या कामाचा बट्ट्याबोळ झाला की आपण म्हणतो, 'वाट लागली!' आज बोलायचं आहे ते पहिल्या अर्थाच्या वाटेबद्दल, पण तिसरा अर्थ अधूनमधून डोकावणार. कारण प्रश्नच असा आहे की, जंगलातल्या, डोंगरातल्या वाटेवर सायकल घातली तर त्या वाटेची वाट लागते का?

आमच्या पिढीची सायकल तुम्हाला आठवत असेल. काळी, उंच, मागे कॅरिअर, पुढे घंटी. ज्यांची स्वतःची नव्हती ते तासाच्या भाड्याने आणायचे. या सायकलीला डोंगर दाखवायची कोणाची छाती नव्हती. चढ आला की उतरायचं आणि हँडल धरून ढकलत न्यायची. माझ्या भाच्याने परवा घेतली ती सायकल वेगळ्याच जातीची आहे. टायर जाड आणि खडबडीत, ट्रॅक्टरच्या टायरचं जणू धाकटं भावंड. पुढच्या चाकाला मोटारसायकलसारखे शॉक अॅब्सॉर्बर, चाकांना डिस्क ब्रेक, आणि चढावर पाय हलके करणारे बारीक गिअर. किंमत ऐकून मी गप्प झालो, तर तो म्हणाला, "मामू, ही रस्त्यावर चालवायची नाही, टेकडीवर चालवायची."

खरी मेख तिथंच आहे. टेकडीवर पहाटे फिरायला येणारी माणसं आधीपासूनच असतात. कोणी गुडघेदुखीसाठी येतं, कोणी पाखरं बघायला, कोणी नुसतं घरातून बाहेर पडायला. त्यांच्या पाठीमागून अचानक घंटी वाजवत, किंवा न वाजवता, एक पोरगा सूंकन जातो. मग भांडण होतं. दोन्ही बाजूंचं एका मुद्द्यावर मात्र एकमत असतं, की वाट खराब होत चालली आहे. कोणामुळे, यावर मतभेद.

हे भांडण आपण शोधलेलं नाही. ते या सायकलीइतकंच जुनं आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेटचा पूल ओलांडून उत्तरेला गेलं की मरीन काउंटी लागते. तिथं माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथल्या काही तरुणांनी १९३०-४० च्या काळातल्या, जाड टायरच्या, श्विन कंपनीच्या जुनाट सायकली मिळवल्या आणि त्या डोंगरावरून खाली सोडायला सुरुवात केली. त्यांना गिअर एकच. ब्रेक म्हणजे पेडल उलटं दाबायचं. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथं एका उतारावर पहिली शर्यत झाली. तीन किलोमीटरहून थोड्या जास्त अंतरात उतार सुमारे चारशे मीटर. खाली पोहोचेपर्यंत मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि पुढच्या खेपेआधी ते नव्याने भरावं लागायचं. पुन्हा भरणं म्हणजे रिपॅक. म्हणून त्या रस्त्याचं नावच 'रिपॅक' पडलं.

त्याच टोळक्यातल्या जो ब्रीझने १९७७ मध्ये खास या कामासाठी सायकलची चौकट घडवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीने बनवलेल्या चौकटी घेऊन 'माउंटनबाइक्स' नावाने धंदा सुरू केला, आणि हे धंद्याचं नाव पुढे सगळ्या जातीलाच चिकटलं. १९८१ मध्ये ही सायकल कारखान्यातून घाऊक बाहेर पडू लागली. १९९६ मध्ये ती अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये पोहोचली. वीस वर्षांत धुराळ्यातून पदकापर्यंत! पण जन्मगावी मात्र तिचे हाल झाले. पायी चालणारे आणि घोडेस्वार यांच्या तक्रारींवरून मरीनमधल्या अरुंद वाटा सायकलला बंद झाल्या. रुंद वाटांवर ताशी पंधरा मैलांची मर्यादा आली, आंधळ्या वळणावर पाच. रानातले रक्षक रडार घेऊन वेग मोजू लागले. ज्या डोंगरावर ही सायकल जन्मली तिथंच तिला दाराबाहेर उभं केलं.

१९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सायकल क्लबांनी एकत्र येऊन एक संघटना काढली. मोर्चे, निवेदनं झाली असतीलच, पण या मंडळींनी आणखी एक शहाणपणाचं काम केलं. त्यांनी कुदळ-फावडी हातात घेतली आणि वाट कशी बांधावी, याचं शास्त्र जमवायला सुरुवात केली. २००४ मध्ये त्यांनी ते पुस्तकरूपाने छापलंही. या शास्त्रातून आलेल्या बऱ्याच गोष्टी, आणि त्याआधीच स्वतःच्या अनुभवाने शोधलेल्या काही, प्रत्यक्ष बघायच्या तर वेल्समधल्या एका जंगलात जावं लागेल.

या जंगलाचं नाव कोइड अ ब्रेनिन. वेल्श भाषेत 'कोइड' म्हणजे झाडी आणि 'ब्रेनिन' म्हणजे राजा. राजाचं रान. हा राजा आपल्या ओळखीचा आहे. १९११ साली मुंबईच्या धक्क्यावर उतरला आणि ज्याच्या आठवणीसाठी गेटवे ऑफ इंडिया बांधला गेला, तो पंचम जॉर्ज. त्याच्या राज्यारोहणाला १९३५ मध्ये पंचवीस वर्षं झाली, तेव्हा या रानाला त्याचं नाव दिलं. मुंबईत दगडी कमान, वेल्समध्ये सूचिपर्णी झाडं. दोन्हीकडे राजा गेला आणि लोक फिरायला येत राहिले.

वेल्सच्या वायव्येला डोल्गेथ्लाय नावाचं लहानसं गाव आहे. त्याच्या उत्तरेच्या डोंगरात, मौदाख नदीच्या खोऱ्यात हे रान पसरलं आहे. आपण ज्याला स्नोडोनिया म्हणून ओळखतो आणि स्थानिक लोक ज्याला एरिरी म्हणतात, त्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत ते येतं. पण हे आदिम अरण्य नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. पुढे तिचं काम पडणार आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकूड कमी पडलं, म्हणून १९१९ मध्ये सरकारने वनखातं उभं केलं आणि जागोजाग जमिनी घेऊन भराभर वाढणारी झाडं लावली. हे त्यातलंच एक रान. इथं लाकडासाठी लागवड होते, तोड होते, पुन्हा लागवड होते. त्याआधी इथं तांब्याच्या आणि सोन्याच्या खाणी होत्या. म्हणजे माणसाचा हात या रानाला फार पूर्वीच लागला होता.

आणखी एक गोष्ट समजून घेऊ. इंग्लंड-वेल्समध्ये वाटेचा हक्क हा आपल्याकडच्या वहिवाटीसारखा मामला आहे. बांधावरून जायची वहिवाट अडवली म्हणून आपल्याकडे माणसं तहसीलदाराकडे खेटे घालतात. तिथंही पायवाट कोणाच्या शेतातून जाते हे नकाशावर नोंदलेलं असतं. त्यात पायी जायची वाट वेगळी आणि घोड्यावरून जायची वेगळी. १९६८ च्या कायद्याने सायकलवाल्यांना घोडेवाटेवर जायचा हक्क मिळाला, एका अटीवर, की त्यांनी पायी माणसाला आणि घोड्याला आधी वाट द्यायची. पायवाटेवर हक्क नाहीच. हा कायदा झाला तेव्हा डोंगरी सायकल जन्मालाही आली नव्हती. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पाववाल्याची सायकल असावी. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागण्याच्या अटीवर सायकलला बहुतेक रान मोकळं केलं. वेल्समध्ये मात्र जुनीच रीत चालू राहिली. अशा स्थितीत सरकारी मालकीच्या जंगलात मालकाने स्वतःहून वाटा बांधून देणं, हा कायद्याच्या गुंत्यातून निघालेला सरळ रस्ता होता.

१९९० च्या दशकात कोइड अ ब्रेनिनमध्ये डाव्हिद डेव्हिस नावाच्या वनखात्याच्या माणसाने तो रस्ता धरला. सायकलवाले लाकूडवाहतुकीच्या खडीच्या रस्त्यांवर कंटाळत होते, आणि रानातल्या नाजूक जागी घुसून चिखल करत होते. डेव्हिस आणि त्याच्या बरोबरीच्या स्वयंसेवकांनी केवळ सायकलसाठी अरुंद वाटा घडवल्या. एक सायकल जाईल एवढीच रुंदी. ब्रिटनमध्ये अशा मुद्दाम बांधलेल्या वाटांच्या जाळ्याची सुरुवात इथून मानतात. त्या कामासाठी डेव्हिसला पुढे राणीकडून किताबही मिळाला. दक्षिण स्कॉटलंडमध्ये आणि इतरत्र अशी केंद्रं निघाली ती यानंतर.

आता वाट बांधायची म्हणजे करायचं काय? माती उकरली, झाडोरा साफ केला, झालं. असं वाटतं खरं. पण या लोकांना विचाराल तर ते सायकलबद्दल बोलायच्या आधी पाण्याबद्दल बोलतात. वाटेचा खरा वैरी चाक नाही, पाणी आहे. चाक किंवा पाऊल माती सुटी करतं; वाहून नेतं ते पाणी.

आपल्याकडच्या कुठल्याही टेकडीवर पावसाळ्यानंतर जाऊन बघा. सरळ माथ्याकडे चढणारी जी वाट असते, लवकर पोहोचायच्या घाईने तुडवलेली, तिच्या मध्यभागी घळ पडलेली असते. मुरूम वाहून जातो, दगड उघडे पडतात, झाडांची मुळं वर येतात. मग चालणारा माणूस घळीच्या कडेने चालू लागतो, तिथं नवी वाट पडते, पुढच्या वर्षी तिची घळ. एका वाटेच्या तीन वाटा होतात. या नुकसानीत सायकल नसली तरी फरक पडत नाही. उतार ज्या दिशेने सर्वांत तीव्र, पाणी त्याच दिशेने धावतं. आणि वाटही त्याच दिशेने आखली तर आपण पाण्यासाठी पन्हळ खोदून दिल्यासारखं होतं. डोंगरात गुरांच्या वाटा बघा. त्या उताराला आडव्या, जवळजवळ सपाट जातात. गुरांना घाई नसते, म्हणून त्यांना अक्कल सुचते.

तर पहिला नियम असा, की वाट उताराला आडवी न्यायची. पण अगदी सपाट नेली तर खाली उतरणार कशी? त्यासाठी एक सोपं गणित आहे. डोंगराचा उतार जेवढा असेल, वाटेचा उतार त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त ठेवायचा नाही. म्हणजे डोंगर शंभर फुटांत वीस फूट उतरत असेल, तर वाट शंभर फुटांत दहा फुटांहून जास्त उतरता कामा नये. असं का? वरून आलेलं पाणी वाटेवर पडलं की त्याच्यापुढे दोन पर्याय असतात. वाटेच्या अंगाने धावायचं किंवा वाट ओलांडून खालच्या उताराला लागायचं. पाणी नेहमी तीव्र उतार निवडतं. वाट पुरेशी सौम्य असेल तर ते तिच्यावर रेंगाळत नाही, ओलांडून निघून जातं. आणि सरासरी उतार शंभराला दहाच्या आत राहिला, तर बहुतेक मातीत वाट टिकते असा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट बारीक आहे, डोळ्यांना सहसा दिसत नाही. वाटेची दरीकडची कड डोंगराकडच्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवतात. शंभराला पाचाच्या आसपास. घरासमोर ओटा घालताना गवंडी जसा बाहेर ढाळ ठेवतो, तसा. पण वर्षभर चाकं आणि पावलं मधोमध फिरली की वाट दबते, मध्ये चर तयार होतो आणि ढाळ निकामी होतो. म्हणून तिसरी युक्ती. उतरत जाणाऱ्या वाटेला थोड्याथोड्या अंतरावर चार पावलांचा चढ द्यायचा. वाट उतरते, हळूच वर चढते, पुन्हा उतरते. जिथं उतार संपून चढ सुरू होतो त्या खोलगट जागी पाणी येऊन थबकतं आणि बाहेरच्या कडेवरून निघून जातं. त्याला जोर धरायला वेळच मिळत नाही. आणि गंमत बघा, सायकलवाल्याला नेमकी हीच लाट हवी असते. खाली-वर, खाली-वर जाताना पोटात जो गोळा येतो, त्यासाठी तर तो पैसे खर्चून आलेला असतो. पाण्याची सोय आणि पोराची मौज एकाच फावड्याने होते.

पूर्वी वाटेवर आडवं ओंडकं टाकून पाणी वळवायची रीत होती, अजूनही पुष्कळ ठिकाणी दिसते. मला ती कधी पटली नाही आणि या लोकांनाही ती नापसंत आहे. ओंडक्यामागे गाळ भरतो, दोन पावसाळ्यांत तो निरुपयोगी होतो. ओल्या लाकडावरून चाक घसरतं, म्हणून माणसं वळसा घालतात, की पुन्हा नवी वाट.

आपल्या शेतकऱ्याला यातलं काही नवं वाटणार नाही. पाणलोटाच्या कामात डोंगरउतारावर समतल चर खणतात तेव्हा हीच विद्या वापरलेली असते: उतार ओळखा, त्याला आडवे जा, धावत्या पाण्याचा जोर मोडा. फरक एवढाच, की चरात पाणी थांबवून मुरवायचं असतं आणि वाटेवर ते थांबूही द्यायचं नसतं. आमच्याकडे ज्यांनी असे चर खणले आहेत, त्यांना दुपारभर शिकवलं तर ते उत्तम वाटा बांधतील, याबद्दल मला शंका नाही.

वेल्समध्ये मात्र नुसत्या मातीने भागत नाही. आपला पाऊस चार महिने कोसळतो आणि मग आठ महिने जमिनीला सुकायला मिळतात. तिथं पाऊस बारमाही. कोरड्या मुलखातल्या काही उद्यानांत पावसानंतर वाटा काही दिवस बंद ठेवतात; वेल्समध्ये तसं केलं तर वाट उघडायची कधी? म्हणून तिथं वरचा पालापाचोळ्याचा थर काढून टाकतात, घट्ट थरापर्यंत जातात आणि वर खडी दाबून बसवतात. जिथं जमीन मऊ किंवा उतार अवघड, तिथं दगडाची फरसबंदी. दगड नुसता ठेवायचा नाही. त्याचा मोठा भाग जमिनीत रोवायचा, फक्त एक अंग वर राहू द्यायचं, आणि एकमेकांना घट्ट भिडवून सांधा बंद करायचा. नाणेघाट चढून गेलेल्यांना ही कला परकी वाटणार नाही. तिथल्या दगडी वाटेने बैलांचे तांडे पेलले, इथली चाकं पेलते. योगायोग असा, की कोइड अ ब्रेनिनमधल्या एका वाटेचं नाव आहे 'तारू'. वेल्श भाषेत त्याचा अर्थ बैल!

पाण्याचं झालं. आता वेगाचं. सायकलने वाटेला सर्वांत जास्त इजा होते ती ब्रेक दाबल्यावर. चाक फिरत असतं तोवर ते मातीवरून लोळत जातं. अडकलं की घासत जातं, खरवडतं. वळणाच्या आधी सगळेच ब्रेक दाबतात, त्यामुळे त्या जागी वाटेवर आडव्या लाटा उठतात, कच्च्या रस्त्यावर एसटीला हादरवणाऱ्या असतात तशा. यावर 'सावकाश चालवा' अशी पाटी लावणं हा भाबडा उपाय आहे. विसाव्या वर्षी कोणी पाटी वाचल्याचं मी पाहिलं नाही. वाट बांधणारा माणूस पाटीऐवजी वाटेलाच बोलायला लावतो. वळणाच्या जरा आधी तो छोटासा चढ देतो. वेग आपोआप उतरतो, ब्रेक लागत नाही. वळणाची बाहेरची बाजू उचलून घेतो, रेल्वेच्या वळणावर बाहेरचा रूळ उंच असतो त्या न्यायाने, म्हणजे चाक घसरत नाही. जिथं वाट पायी माणसांच्या रस्त्याला मिळते तिथं दोन मोठे दगड किंवा झाडं अशी ठेवतो, की मधून सांभाळूनच निघावं लागतं. आणि दोन वळणांमधलं अंतर सारखं ठेवतो. सरळ, लांब, वेगाच्या पट्ट्यानंतर एकदम काटकोनी वळण आलं, तर ब्रेक दाबणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. चूक आखणीची.

अवघडपणाचीही त्यांनी वाटणी केली आहे. ब्रिटनमध्ये वाटांना रंग दिलेले असतात: हिरवी सोपी, निळी जरा बेताची, लाल अवघड, काळी फक्त पट्टीच्या लोकांसाठी. अवघड वाटेच्या तोंडाशीच एक कठीण टप्पा ठेवायची पद्धत मला फार आवडली. ज्याला तो जमत नाही तो तिथूनच, पायावर उभा असताना, माघारी फिरतो. अर्ध्या डोंगरात अडकत नाही. कोइड अ ब्रेनिनमध्ये एक निळी वाट अशी आहे, की तिच्या काही भागावर ज्यांचे पाय चालत नाहीत तेही हातांनी चालवायच्या तीनचाकी सायकलने जाऊ शकतात. वाटेची रुंदी आणि उतार ठरवताना अशा माणसाची आठवण ठेवली गेली, हे मला त्या काळ्या वाटेच्या थरारापेक्षा मोठं वाटतं.

आता मूळ प्रश्न. चाक आणि पाऊल यांत जास्त नुकसान कोणाचं? यावर मोजमापं झाली आहेत. अमेरिकेत मोंटानामध्ये विल्सन आणि सीनी या संशोधकांनी पायी माणूस, घोडा, मोटारसायकल आणि सायकल अशा चौघांना वाटेवरून नेलं, वर कृत्रिम पाऊस पाडला आणि किती माती सुटते ते मोजलं. १९९४ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले: ओल्या वाटेवर खुरांनी आणि पावलांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी केली. कॅनडात ओंटारिओमधल्या एका उद्यानात थर्स्टन आणि रीडर यांनी पाचशे फेऱ्यांपर्यंत प्रयोग केला. त्यांचा २००१ चा निष्कर्ष असा, की झाडोऱ्यावर आणि मातीवर चालण्याचा आणि सायकलचा परिणाम जवळपास सारखाच.

हे आकडे सायकलवाले फार प्रेमाने सांगतात. त्यांना थोडं थांबवलं पाहिजे. प्रयोगात फेरीला फेरी ताडून बघतात. पण पायी माणूस सकाळभरात जेवढा फिरतो, त्याच्या कितीतरी पट सायकलवाला फिरतो. रानाचा जास्त भाग त्याच्या चाकाखाली येतो. शिवाय प्रयोगातला सायकलस्वार शहाण्यासारखा चालवतो. ओल्या, तीव्र उतारावर चाक घसरवणारा प्रयोगात नसतो, टेकडीवर असतो. तेव्हा चाकाला निर्दोष सोडता येणार नाही. एवढंच म्हणता येईल, की बंदीची पाटी लावून केवळ सायकल थांबवली आणि वाट सरळ उताराचीच ठेवली, तर घळ पडायची ती पडणारच.

प्राण्यांचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि तिथं मी कोणाचंही ऐकणार नाही. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या एका बेटावर टेलर आणि नाइट यांनी गवे आणि हरणं यांचा अभ्यास केला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस पायी असो की सायकलवर, जनावरं जवळपास सारखीच बिचकून पळत. पळालेल्या हरणाला तुमचं वाहन कोणतं याच्याशी देणंघेणं नसतं. म्हणून मघाशी सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगतो. कोइड अ ब्रेनिन हे लाकडासाठी लावलेलं रान आहे. तिथलं उदाहरण आपल्या अभयारण्यांना किंवा देवराईला लावता येणार नाही. आपल्याकडे अभयारण्यात जायचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने परवानगी लागते, आणि ती तशीच लागली पाहिजे. वाटा बांधायच्याच तर गावाजवळच्या, आधीच तुडवलेल्या टेकड्यांवर, लावलेल्या वनांत. आणि एक चांगली वाट बांधली की तिच्या आजूबाजूच्या चार फुटकळ वाटा बंद करून तिथं पुन्हा गवत येऊ द्यायचं.

वाट बांधून झाली की काम संपलं असं कोणी समजू नये. कोइड अ ब्रेनिनचीच पुढची हकीकत ऐका. ही वनं आता 'नॅचरल रिसोर्सेस वेल्स' या सरकारी संस्थेकडे आहेत. ती २०१३ मध्ये तीन खाती एकत्र करून झाली. खर्चाला कात्री लावायची म्हणून या संस्थेने तिथलं माहिती केंद्र, उपाहारगृह आणि दुकान २०२५ च्या मार्चअखेर बंद केलं. लोकांनी कडाडून विरोध केला. हे केंद्र आम्ही चालवतो, असा प्रस्तावही स्थानिक मंडळींनी मांडला. वाटा सुरू ठेवल्या. पण चहाचा कप आणि गरम सूप मिळायची जागा गेली, तर लांबून येणारा माणूस पुढच्या वेळी दुसरीकडे जातो, आणि त्याच्यावर पोट असलेली खोली भाड्याने देणारी बाई, सायकल दुरुस्त करणारा कारागीर यांचं गणित बिघडतं. डोल्गेथ्लायसारख्या लहान गावात दुसरे धंदे आहेतच किती?

त्यात निसर्गाची भर. वेल्समध्ये २०१० पासून लार्च जातीच्या झाडांवर एक रोग पसरला आहे. रोगट झाडं तोडावी लागतात, तोड चालू असली की वाट बंद. डिसेंबर २०२४ मध्ये डाराघ नावाचं वादळ आलं, त्याने वेल्सच्या रानारानांत झाडं आडवी केली. आडवं झाड वेळेत उचललं नाही तर सायकलवाला त्याला वळसा घालतो. वळशाची वाट कोणी आखलेली नसते. ती सरळ उताराला लागते.

यातलं सर्वांत साधं आणि सर्वांत दुर्लक्षित काम पानगळीनंतरचं. वाटेवरच्या ज्या खोलगट जागांतून पाणी बाहेर पडायचं, नेमकी तिथंच पानं आणि गाळ साचतो आणि बाहेरची कड बुजते. एक माणूस, एक दाताळं, एक फावडं. प्रत्येक खोलगट जागेपाशी थांबायचं, पानं ओढायची, कडेला वीतभर रुंद तोंड मोकळं करायचं आणि पुढच्या जागेकडे निघायचं. एका वाटेवर अशा कितीतरी जागा असतात, आणि पाऊस तर तिथं रोजचाच.